पावसाळ्यात अडणारा जुना डेस्कटॉप : दुरुस्त करावा की नवा घ्यावा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. गुहागर तालुक्यात, समुद्रापासून जेमतेम अर्ध्या किलोमीटरवरच्या घरात, २०१६ साली घेतलेला डेस्कटॉप आहे : सहाव्या पिढीचा आय५ प्रोसेसर, ४ जीबी रॅम, १ टीबीची हार्ड डिस्क आणि विंडोज १०. मृग लागला की बटण दाबल्यावर पंखा क्षणभर फिरून थांबतो, पाच-सहा प्रयत्नांनंतर यंत्र सुरू होते आणि एकदा सुरू झाले की दिवसभर चालते. अलीकडे ते फार मंद झाले आहे, तारीख मागे जाते आणि कॅबिनेटला हात लागला की बोटांना मुंग्या येतात. दुकानदाराने मदरबोर्ड गेल्याचे सांगून नवा संगणक घ्यायला सुचवले आहे. या यंत्रावर आंब्याच्या पेट्यांचे हिशेब, घरगुती निवासाच्या दोन खोल्यांची आरक्षणे आणि अकरावीतल्या मुलीचा अभ्यास अवलंबून आहे.

बावीस वर्षे रत्नागिरी जिल्ह्यात हेच काम केल्यावर मी आपल्याला सांगेन की या लक्षणांवरून मदरबोर्ड गेला असा निष्कर्ष काढता येत नाही. आपण वर्णन केलेल्या तक्रारींची कारणे बहुधा चार निरनिराळी आहेत : अर्थिंग नसणे, थकलेला एसएमपीएस (कॅबिनेटमधला, सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा), संपलेला सेल आणि हार्ड डिस्क. या चारही गोष्टी मदरबोर्डच्या बाहेरच्या किंवा त्यावरून सहज काढता येण्याजोग्या आहेत. शिवाय नवा संगणक त्याच सॉकेटला लावला आणि त्याच खिडकीत ठेवला, तर तीन पावसाळ्यांत तोही याच अवस्थेला येईल, म्हणून सुरुवात भिंतीतल्या सॉकेटपासून करावी लागते.

बोटांना येणाऱ्या मुंग्यांकडे बहुतेक जण दुर्लक्ष करतात, पण माझ्या दृष्टीने आपल्या पत्रातली ती सर्वांत महत्त्वाची ओळ आहे. एसएमपीएसच्या तोंडाशी, विजेतला गोंगाट गाळण्यासाठी, फेज आणि न्यूट्रल या दोन्ही तारांपासून धातूच्या आवरणाकडे एकेक छोटा कपॅसिटर जोडलेला असतो. अर्थिंग नीट असेल तर त्यातून झिरपणारा अत्यल्प प्रवाह जमिनीत जातो. अर्थची तार कुठे तुटलेली असेल तर कॅबिनेट अधांतरी राहते आणि त्यावर पुरवठ्याच्या निम्मा, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपासचा दाब दिसतो. प्रवाह फार थोडा असल्यामुळे एरवी जिवाला धोका होत नाही, मात्र ओल्या जमिनीवर अनवाणी उभे राहून यंत्राला हात लावू नये, कारण आत खरोखर तार सुटलेली असेल तर तेच आवरण प्राणघातक ठरू शकते.

वायरमनला बोलावून सॉकेटवर मल्टिमीटरने तीन मोजमापे घ्यायला सांगावे. फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ हे दोन्ही आकडे जवळजवळ सारखे, २३० व्होल्टच्या आगेमागे यावेत, आणि न्यूट्रल-अर्थ यांमधील फरक दोन-तीन व्होल्टांच्या आत राहावा. फेज-अर्थचा आकडा फारच कमी किंवा अस्थिर असेल तर अर्थिंग केवळ नावाला आहे. आपल्याकडे यात जांभ्याची अडचण आहे. जांभा सच्छिद्र असल्याने पाणी धरून ठेवत नाही, आणि पावसाळ्यात उत्तम काम देणारा अर्थिंगचा खड्डा मार्चनंतर इतका सुकतो की त्याचा उपयोग उरत नाही. नेमक्या याच कोरड्या दिवसांच्या शेवटी, मे महिन्यात, वळवाचा पाऊस विजांसह येतो. म्हणून कोळसा-मीठ भरलेल्या खड्ड्याच्या पाइपात फेब्रुवारीपासून दर आठवड्याला दोन बादल्या पाणी ओतत राहणे, हे संगणकाच्या देखभालीतले पहिले काम आहे असे मी मानतो. बाजारात मिळणाऱ्या सर्ज-संरक्षक पट्ट्या दाबाचा बराचसा लोट अर्थच्या तारेत सोडून देण्याच्या भरवशावर बांधलेल्या असतात, त्यामुळे अर्थ नसलेल्या घरात त्या अपुरे संरक्षण देतात. जवळ वीज पडली तर कोणतीही पट्टी पुरी पडत नाही, तेव्हा गडगडाट ऐकू येताच संगणकाचा प्लग आणि राउटरकडून येणारी लॅनची तार दोन्ही काढून ठेवावीत. दरवर्षी मे आणि ऑक्टोबरात माझ्याकडे असे मदरबोर्ड येतात ज्यांचा फक्त लॅन पोर्ट जळालेला असतो, कारण घरच्यांनी प्लग काढला, पण ती बारीक तार तशीच राहिली.

आता मिठाविषयी थोडे सविस्तर सांगतो, कारण किनाऱ्यावरची यंत्रे पावसाळ्यातच का अडतात याचे उत्तर त्यात आहे. खाऱ्या वाऱ्याबरोबर आलेले मिठाचे सूक्ष्म कण वर्षभर कॅबिनेटमधल्या धुळीत साचत राहतात. हवा कोरडी असते तोवर ते निरुपद्रवी असतात. मात्र साध्या मिठाचा गुण असा की हवेची सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की ते हवेतले पाणी ओढून स्वतः त्यात विरघळते. स्वयंपाकघरातल्या बरणीतले मीठ जूनमध्ये पाझरते ते याचमुळे, आणि त्याच दिवसांत मदरबोर्डवरच्या धुळीचा वीजवाहक असा चिकट थर बनतो. रॅमच्या खाचेत, कनेक्टरांच्या पिनांमध्ये, सेलच्या बैठकीत तो शिरतो, संपर्क बिघडवतो आणि तांब्यावर हिरवट गंज चढवतो. ऑक्टोबरनंतर थर सुकतो, यंत्र आपोआप ठीक झाल्यासारखे वाटते, आणि पुढच्या जूनमध्ये दुखणे वाढलेले असते.

धूळ मऊ ब्रशने आणि ब्लोअरने निघते, मीठ निघत नाही. इथे एक चूक अनुभवी कारागीरही करतात. संपर्क पुसायला सर्व जण शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरतात आणि चिकटपणासाठी ते योग्यही आहे, पण शुद्ध अल्कोहोलमध्ये मीठ जवळजवळ विरघळत नाही, ते फक्त इकडचे तिकडे होते. मिठाला पाणीच लागते, आणि तेही क्षार नसलेले. आपल्या घरी इन्व्हर्टर असेल तर त्याच्या बॅटरीत घालायचे डिस्टिल्ड वॉटर असेलच. प्लग काढून, पॉवरचे बटण दहा सेकंद दाबून धरून, मदरबोर्डवरचा सेल बाहेर काढून ठेवावा. मग रॅमची पट्टी काढून तिच्या सोनेरी कडा डिस्टिल्ड वॉटरने किंचित ओलसर केलेल्या सुती कापडाने पुसाव्यात, नंतर अल्कोहोलने पुसून पाणी उडवून लावावे आणि पट्टी अर्धा तास पंख्याखाली ठेवावी. खोडरबर घासण्याची पद्धत आपल्याकडे रूढ आहे, ती मी टाळतो, कारण खरखरीत खोडरबराने सोन्याचा मुळातच अत्यंत पातळ असलेला मुलामा जातो आणि खालचा धातू पुढच्या पावसाळ्यात अधिक वेगाने गंजतो. हातांना लावायचे सॅनिटायझरही वापरू नये, त्यातला चिकट अंश मागे राहतो. मदरबोर्डवरच हिरवट डाग दिसत असतील तर संपूर्ण बोर्ड सुटा करून धुवावा लागतो. ते काम घरी न करता कारागिराकडे द्यावे, आणि तो पाण्याने धुऊन मग अल्कोहोलने सुकवतो की नाही हे विचारून घ्यावे.

ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवावीत, कारण हवेच्या जोराने भरधाव फिरणाऱ्या पंख्याचे बेअरिंग खराब होते. मागची भोके आणि न वापरलेले यूएसबी पोर्टही नीट पाहावेत. कुंभारीण माशीने त्यांत मातीचे घरटे बांधलेले मी अनेकदा पाहिले आहे, आणि एसएमपीएसच्या जाळीतून आत गेलेली पाल तर दोन तारांमध्ये अडकून सगळेच बंद पाडते. कॅबिनेटच्या मागच्या रिकाम्या खाचांवर धातूच्या पट्ट्या परत बसवाव्यात. दुरुस्तीनंतर त्या हरवतात आणि कोणी त्यांची चौकशी करत नाही.

यानंतर न उठणाऱ्या यंत्राकडे येऊ. पंखा क्षणभर फिरून थांबणे, चार-पाच प्रयत्नांनी सुरू होणे आणि मग दिवसभर चालणे, ही थकलेल्या एसएमपीएसची ओळख आहे. त्यातले इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर वर्षानुवर्षे आतून सुकत जातात आणि त्यांचा अंतर्गत रोध वाढतो. थंड असताना तो अधिक असतो, दोन-चार धक्क्यांनी कपॅसिटर किंचित तापले की कमी होतो, आणि म्हणूनच पाचव्या प्रयत्नाला यंत्र उठते. याची खात्रीलायक परीक्षा एकच : खात्रीचा दुसरा एसएमपीएस लावून, रात्रभर बंद राहिलेले यंत्र सकाळी पहिल्याच दाबाला उठते का ते पाहणे. चांगला कारागीर हा प्रयोग नवा माल विकण्यापूर्वी करतो. बायॉसमध्ये (यंत्र सुरू होतानाच उघडणाऱ्या मूळ मांडणीच्या पडद्यावर) दिसणारे आकडे सूचक म्हणून पाहता येतात. १२ व्होल्टची वाट ११.४ ते १२.६ आणि ५ व्होल्टची ४.७५ ते ५.२५ या मर्यादेत असावी. पण सुरू होतानाचा क्षणिक खड्डा तिथे दिसत नाही, त्यामुळे आकडे बरोबर आहेत म्हणून एसएमपीएस निर्दोष ठरवू नये.

एसएमपीएस उघडून स्वतः दुरुस्त करण्याचा मोह कृपया टाळावा, कारण प्लग काढल्यावरही त्यातल्या मुख्य कपॅसिटरमध्ये तीनशेहून अधिक व्होल्ट काही काळ साठून राहतात. नवा घेताना कॅबिनेटबरोबर फुकट मिळणाऱ्या डब्यावरचा ‘४५० वॅट’ हा आकडा विचारात घेऊ नये. ८० प्लस हे कार्यक्षमतेचे प्रमाणपत्र असलेला, अॅक्टिव्ह पीएफसीचा (वीज समतोल खेचणाऱ्या मंडलाचा), ४५० वॅटचा एसएमपीएस आपल्या यंत्राला पुरून उरेल. असे बरेच एसएमपीएस १०० ते २४० व्होल्टपर्यंतचा पुरवठा सहन करतात, त्यामुळे संध्याकाळी गावातला दाब १७० पर्यंत उतरला तरी यंत्र बंद पडत नाही. घेण्यापूर्वी डब्यावरची ही मर्यादा वाचून घ्यावी. खर्चाचा विचार करता पहिला पैसा मी इथेच घालीन.

तारीख मागे जाण्याचे कारण साधे आहे : मदरबोर्डवरचा सीआर २०३२ हा ३ व्होल्टचा सेल संपला आहे. तो किराणा दुकानातही मिळतो. तारीख चुकली की ब्राउझर सुरक्षित संकेतस्थळांची प्रमाणपत्रे नाकारतो आणि घरचे इंटरनेट बिघडले असे समजून फोन करतात. सेलची बैठक गंजलेली नाही हे तेवढे पाहून घ्यावे.

मंदपणाबाबत मात्र, काहीही करण्यापूर्वी, आजच आपल्या फायली दुसरीकडे घेऊन ठेवाव्यात. हे मी आग्रहाने सांगतो, कारण माझ्या उमेदवारीच्या काळात एका बागायतदारांच्या कुरकुरणाऱ्या डिस्कवर मी आधी दुरुस्तीची तपासणी चालवली, रात्रभर चाललेल्या त्या ताणात डिस्क कायमची बसली, आणि त्यांच्या चार हंगामांच्या उधारीच्या नोंदी गेल्या. तेव्हापासून माझा क्रम ठरलेला आहे : आधी नक्कल, मग निदान. नक्कल झाल्यावर क्रिस्टलडिस्कइन्फो या मोफत साधनाने डिस्कची प्रकृती पाहावी. ०५, सी५ आणि सी६ या, डिस्कवरच्या खराब जागा मोजणाऱ्या, तीन ओळींतील मूळ आकडे शून्य असावेत. सी५ वाढत असेल तर त्या डिस्कवर पुढे काहीही महत्त्वाचे ठेवू नये.

आकडे शून्य असले तरी मंदपणा राहणारच. विंडोज १० ला ४ जीबी रॅम अपुरी पडते, उरलेले काम ते डिस्कवर टाकते, आणि फिरत्या डिस्कला प्रत्येक विखुरलेला तुकडा शोधायला दहा-पंधरा मिलिसेकंद लागतात. एसएसडी, म्हणजे फिरता भाग नसलेली चिपांची डिस्क, तोच तुकडा मिलिसेकंदाच्या दहाव्या भागात किंवा त्याहून लवकर देते. टास्क मॅनेजरमध्ये डिस्कचा रकाना सतत १०० टक्के दिसत असेल तर प्रोसेसरचा काहीच दोष नाही. आपला आय५ प्रोसेसर हिशेब, आरक्षणे, ऑनलाइन वर्ग आणि अकरावीच्या प्रोग्रामिंगलाही आज पुरेसा आहे. ५०० जीबीची २.५ इंची साटा (जुन्या डिस्कच्याच जोडणीची) एसएसडी बसवावी. त्या काळातल्या अनेक मदरबोर्डांवर एम.२ची (बोर्डावर थेट बसणाऱ्या एसएसडीची) खाच नसते, आणि साटाचा सुमारे ५५० एमबी प्रतिसेकंद हा वेगही आपल्या डिस्कपेक्षा कितीतरी अधिक आहे. जुन्या प्रणालीची नक्कल उतरवण्याऐवजी नव्याने स्थापना करावी, म्हणजे नऊ-दहा वर्षांचा गाळ सोबत येत नाही.

रॅम ८ जीबीच्या दोन पट्ट्या, एकूण १६ जीबी करावी. विकत घेण्यापूर्वी जुनी पट्टी काढून तिच्यावरचे लेबल वाचावे, कारण सहाव्या पिढीचे बहुतेक बोर्ड डीडीआर४ घेतात, पण काही बोर्ड डीडीआर३एलचेही निघाले होते, आणि दोहोंची खाच वेगळी असल्याने एकीची पट्टी दुसऱ्यात बसत नाही. प्रोसेसर बदलण्याचा सल्ला कोणी दिला तर नम्रपणे नाकारावा. आपल्या बोर्डाची बैठक ११५१ पिनांची आहे आणि आठव्या पिढीची बैठकही तेवढ्याच पिनांची आहे, त्यामुळे तो प्रोसेसर चालेल असे वाटते, परंतु त्याला ३०० मालिकेचा बोर्ड लागतो. जुन्या बोर्डावर तो सुरूच होत नाही.

विंडोजच्या प्रश्नाला सरळ उत्तर द्यायला हवे. विंडोज १० चे नियमित साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले असून घरगुती वापरकर्त्यांसाठी जाहीर झालेली वाढीव सुरक्षा मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची आहे. विंडोज ११ ला अधिकृतपणे टीपीएम २.० (संगणकातली सुरक्षेची सोय) आणि इंटेलची किमान आठवी पिढी लागते, म्हणजे आपले यंत्र त्यात बसत नाही. अट चुकवून ते बसवणारे पुष्कळ आहेत, पण पुढच्या अद्ययावत आवृत्त्या मिळण्याची हमी नसलेल्या यंत्रावर बँकेचे व्यवहार करावेत असे मी कोणाला सांगणार नाही. हिशेबाची प्रणाली केवळ विंडोजवर चालणारी नसेल तर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही प्रणाली बसवावी. ती मोफत आहे, या यंत्रावर एसएसडीसह हलकी चालते, आणि मराठीचा इनस्क्रिप्ट कळफलक तिच्यात असतोच. हिशेबासाठी विंडोजच हवे असेल तर वाढीव मुदतीत सध्याचे यंत्र चालवून, पुढे फक्त मदरबोर्ड आणि प्रोसेसर बदलावा. आजची रॅम डीडीआर४ असेल आणि डीडीआर४ घेणाराच बोर्ड निवडला तर आज घेतलेला एसएमपीएस, एसएसडी आणि रॅम तिन्ही तिथे उपयोगी पडतील. याच हिशेबाने मी वरची खरेदी सुचवली आहे.

घरात इन्व्हर्टर असेल तर त्याच्या मागचा छोटा खटका ‘यूपीएस’ या बाजूला आहे का ते पाहावे. वीज गेल्यावर इन्व्हर्टर ताबा घेईपर्यंत जो खंड पडतो, तेवढा वेळ एसएमपीएसने साठवणीवर तग धरायचा असतो, आणि चांगल्या एसएमपीएसची ही क्षमता १६-१७ मिलिसेकंदांची असते. यूपीएस स्थितीत खंड सहसा त्याहून कमी राहतो, साध्या स्थितीत तो वाढतो आणि दर वेळी संगणक पुन्हा सुरू होतो. इन्व्हर्टर चौकोनी लहरीचा असेल तर अॅक्टिव्ह पीएफसीचा एसएमपीएस त्यावर अडखळू शकतो, तेव्हा तो घेण्यापूर्वी आपल्याच घरी जोडून पाहावा. इन्व्हर्टर नसेल तर ६०० व्हीएचा यूपीएस पुरतो, कारण आपले यंत्र पडद्यासह १०० वॅटच्या आसपासच वीज घेते. त्याची बॅटरी मात्र दोन-तीन वर्षांनी बदलावी लागते.

जागेबाबत एवढेच की संगणक पश्चिमेच्या खिडकीतून हलवून माजघरात, जांभ्याच्या भिंतीपासून वीतभर दूर आणि जमिनीपासून वर ठेवावा. प्लास्टिकचे आच्छादन काढून टाकावे, ते आत ओल कोंडते; थंड झालेल्या यंत्रावर सुती कापड घालावे. आणि जून ते सप्टेंबर, काम असो वा नसो, ते रोज तासभर चालवावे. पावसाळ्यातली २७ अंशांची, ९५ टक्के आर्द्रतेची हवा कॅबिनेटमध्ये ३३ अंशांपर्यंत तापली की तिची सापेक्ष आर्द्रता ७० टक्क्यांच्या आत येते, म्हणजे मीठ पाझरण्याच्या मर्यादेखाली. मे महिन्यात मुंबईला जाऊन गणपतीला परतणाऱ्या घरांतली यंत्रे सर्वाधिक का बिघडतात, याचे कारण हेच आहे. इतके दिवस घर बंद राहणार असेल तर रॅम आणि एसएसडी काढून, सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात ठेवावीत.

अर्थिंग सुधारून, संपर्क धुऊन, सेल आणि एसएमपीएस बदलूनही यंत्र पहिल्या दाबाला उठत नसेल, तर मात्र प्रोसेसरच्या आसपासचे कपॅसिटर पाहावेत आणि रॅमची एकच पट्टी आलटून पालटून दोन्ही खाचांत घालून पाहावी. दोन्हींपैकी एकही पट्टी कोणत्याच खाचेत चालत नसेल, किंवा कपॅसिटरांची टोके फुगलेली असतील, तर दुकानदारांचे निदान बरोबर मानावे. तेव्हाही संपूर्ण संगणक नव्हे, तर बोर्ड आणि प्रोसेसर एवढेच घ्यायचे आहे हे त्यांना आधी सांगून ठेवावे.